परदेशात डेटा स्वस्त पडतो तो कोणत्या फोनवर? थोडा मागचा हिशेब

नागपूरहून सिवनीला निघालं आणि खवासा ओलांडलं, की फोनच्या पडद्यावर रोमिंगची खूण यायची. महाराष्ट्र सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, संपून मध्य प्रदेश सर्कल सुरू व्हायचं आणि घरून आलेला फोन घ्यायचेही पैसे कापले जायचे. दूरसंचार नियामक ट्रायने २०१३ साली अशा येणाऱ्या कॉलला मिनिटाला ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली, मे २०१५ मध्ये ती ४५ पैशांवर आणली. जून २०१५ मध्ये बीएसएनएलने देशभर येणारे कॉल रोमिंगमध्ये मोफत केले. पुढच्या दोन-तीन वर्षांत देशातलं रोमिंग जवळपास विसरल्यात जमा झालं. देशाबाहेरचं मात्र राहिलं, आणि त्याचं कारण समजलं तरच फोन नीट निवडता येतो.

परदेशातली कंपनी आपल्या कंपनीकडून घाऊक दराने पैसे घेते, हा एक भाग. दुसरा भाग डेटाच्या वाटेचा. बँकॉकमध्ये भारतीय सिमवर नकाशा उघडला, तर ती मागणी सहसा आधी भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेकडे येते आणि तिथून इंटरनेटवर जाते. पैसा आणि वेळ दोन्ही जास्त. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधलं रोमिंग कायद्यानेच घरच्या दरावर आणलं, पण भारतीय सिमला त्याचा फायदा नाही. आपल्यासाठी स्वस्त वाट एकच: त्या देशातलं सिम, किंवा प्रवासासाठी विकलं जाणारं ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. म्हणजे फोनमध्ये दुसऱ्या सिमला जागा हवी आणि तिथल्या लहरी पकडणारा रेडिओ हवा. कॅमेरा, रॅम यांचा विचार त्यानंतर.

आधी लहरींचं पाहू. जीएसएम या २जी तंत्रावर पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी. आपण युरोप-आखातासारखेच ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ वापरले, म्हणून नागपूरचा साधा फोन दुबईत बिनतक्रार चालायचा. अमेरिकेत ८५० आणि १९०० असल्याने तिथे ट्राय-बँड किंवा क्वाड-बँड, म्हणजे तीन किंवा चार फ्रिक्वेन्सी पकडणारा फोन लागायचा. जपान आणि दक्षिण कोरियात तर जीएसएम नव्हतंच. लोक विमानतळावर फोन भाड्याने घेत. ३जीच्या २१०० मेगाहर्ट्झमुळे थोडा सारखेपणा आला, आणि ४जीने तो पुन्हा मोडला. आज ४जीचे डझनावारी बँड, म्हणजे क्रमांक दिलेले फ्रिक्वेन्सीचे पट्टे आहेत.

भारतासाठी बनलेल्या स्वस्त फोनमध्ये साधारण १, ३, ५, ८, ४०, ४१ हे बँड असतात, कारण आपल्या कंपन्यांना तेवढे पुरतात. बँड १ आणि ३ जगात बऱ्याच ठिकाणी असल्याने मोठ्या शहरात फोन चालतो, आणि म्हणूनच फसगत होते. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते, भिंतीतून आत शिरते. गावं, डोंगर, तळघरं तिच्यावरच अवलंबून असतात, आणि तिचा बँड देशागणिक वेगळा. युरोपात तो २० किंवा २८, अमेरिकेत १२, १३ आणि ७१, जपानमध्ये कंपनीनुसार १८, १९ किंवा ८. बँड २० नसलेला फोन म्युनिकच्या चौकात छान चालेल आणि आल्प्सच्या पायथ्याशी अडून बसेल. नेटवर्क वाईट नसतं, फोनला ते ऐकूच येत नसतं. तेव्हा मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर बँडची यादी वाचावी. नाव एकच असलं तरी भारतीय आणि युरोपीय मॉडेलची यादी वेगळी असू शकते.

आता दुसरी जागा. दोन सिमचे फोन भारतात फार लवकर रुजले, पण त्या जुन्या फोनांत दुसरा कप्पा बहुधा फक्त २जीचा असे. सिंगापूरने २०१७ मध्येच २जी बंद केलं. तिथे त्या कप्प्यातलं भारतीय सिम मुकं व्हायचं आणि बँकेचा ओटीपी यायचा नाही. आज दोन्ही कप्प्यांत ४जी असतं, पण हायब्रिड ट्रे अजून दिसतो: दुसऱ्या खाचेत सिम ठेवा नाहीतर मेमरी कार्ड. नागपूरच्या बर्डी बाजारात फोन घेताना ट्रे बाहेर काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

भारतीय सिम फोनमधून काढूनच टाकलं तर? ओटीपी बंद होतो, शिवाय यूपीआय अ‍ॅप सिम बदललेलं ओळखून पुन्हा पडताळणी मागतं आणि तीही त्याच सिमवरून एसएमएस पाठवून. म्हणून घरचं सिम आत चालू, त्यावरचं डेटा रोमिंग बंद आणि डेटा दुसऱ्या सिमवर, ही मांडणी सर्वांत सोयीची.

ई-सिमने ती सोपी केली. २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून एक नॅनो सिम आणि एक ई-सिम अशी रचना रूढ झाली. आयफोन १३ पासून दोन ई-सिम एकाच वेळी चालतात. मात्र अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, आणि चीनसाठीच्या बहुतेक आयफोनांत उलट दोन नॅनो सिम, ई-सिम नाही. नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला फोन घेताना तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हेही बघावं; लॉक असेल तर दुसरं सिम तो स्वीकारतच नाही. अँड्रॉइडच्या स्वस्त फोनांत ई-सिम अजून क्वचित. तपासायला *#०६# डायल करा: फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर (आयएमईआय) ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा क्रमांक दिसला तर ई-सिम आहे.

ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावं. विमानतळावर उतरल्यावर ते उतरवायलाच इंटरनेट लागतं. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून नेट चाललं नाही या रागात ई-सिम डिलीट करू नये. आधी त्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आहे का ते पाहावं, मग एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीची सेटिंग. डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सोय बंद करावी, नाहीतर सिग्नल गेला की फोन गुपचूप भारतीय सिमवर जातो. जानेवारी २०२४ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही ई-सिमची अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली. अशी सिम इथे विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिथे ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ३जी बंद झालं आणि व्होल्टीईवर, म्हणजे ४जीवरून, आपत्कालीन कॉल लावू न शकणारे फोन नेटवर्कवरून अडवले जातात. तिथे डेटाचं सिम घेऊनही जुना फोन निरुपयोगी ठरू शकतो.

नेपाळ याच्या अगदी उलट. नागपूरहून लुंबिनीच्या यात्रेला जाणाऱ्यांना नवा फोन घ्यायची गरज नाही. तिथलं ४जी १८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ३ वर आलं, आणि तो आपल्या स्वस्त फोनातही असतो. फक्त सीमेवरच्या सोनौलीच्या अलीकडेच डेटा रोमिंग बंद करावं आणि भारतीय सिमची नेटवर्क निवड मॅन्युअल करून आपली कंपनी निवडावी. सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर धरतो, आणि भारताच्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला परदेशी रोमिंगचं बिल येतं.