मायट्रल झडपेचे आकसणे

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा (अलिंद) आणि खालचा कप्पा (निलय) यांच्यामध्ये दोन पाकळ्यांची मायट्रल झडप असते. तिची वाट अरुंद झाली की त्याला मायट्रल स्टेनोसिस म्हणतात. बोलताना सगळे ‘व्हॉल्व्ह आकसलाय’ असेच सांगतात. निरोगी प्रौढात ही वाट ४ ते ६ चौ. सेंमी. असते. दीडपर्यंत किंवा त्याखाली आली की विकार तीव्र समजतात.

दुखण्याची सुरुवात बहुधा घशात होते. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा धरतो, बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो. जंतूंवर उठलेली प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सुजलेले सांधे पूर्ववत होतात, झडप मात्र होतेच असे नाही. पाकळ्या जाडावतात, कडांना एकमेकींना चिकटतात आणि झडपेचे तोंड माशाच्या तोंडासारखे होते. तोवर वर्षे उलटलेली असतात. तो ताप अनेकांना आठवतही नाही.

अशा रुग्णाला बसल्याजागी काही होत नाही, जिना चढताना मात्र धाप लागते. झडप तीच, मग फरक कशाचा? वेळेचा. ही झडप फक्त निलय भरत असताना उघडी असते. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला १ सेकंद मिळतो, १२० झाले की अर्धाच; आणि ही काटछाट मुख्यतः भरण्याच्या वेळेतून होते. रक्त अलिंदात तुंबते, दाब फुप्फुसांपर्यंत मागे सरकतो. म्हणूनच गरोदरपणात किंवा साध्या तापातही हा विकार अचानक डोके वर काढतो. नाडी संथ करणारी गोळी इथे दम कमी करते, ती याच कारणाने. फुगलेल्या अलिंदाची लय बिघडली तर आत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप हलका टेकवला तर खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते. घाईत ती सहज निसटते. खात्री टू-डी एकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने होते.

१९२५ मध्ये लंडनला सर्जन हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून ही झडप मोकळी केली. मुलगी वाचली, तरी असा दुसरा रुग्ण त्यांच्याकडे कोणी पाठवला नाही. पुढे १९८२ मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा उलगडल्या. झडपेत चुना साचला असेल किंवा ती बरीच गळत असेल तर फुगा चालत नाही, झडप बदलावी लागते. ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिन अनेकांना फुग्यानंतरही चालू ठेवावे लागते.