आगमनकाळ घरात कसा आला

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. या दिवसांत ख्रिस्ती घरांत हिरव्या फांद्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, काही आठवडे मुरवलेला श्टोलन (बेदाणे-बदाम घातलेला जर्मन गोड पाव) कापला जातो, कुठे फुलदाणीत उघड्या-बोडक्या फांद्या तर कुठे बशीत गव्हाची रोपं दिसतात. हे सगळं अतिप्राचीन आहे, ख्रिस्तपूर्व सणांतून आलेलं आहे, असं सर्रास सांगितलं जातं. उपलब्ध नोंदी मात्र वेगळंच सांगतात. काळ ठरवला तो चर्चने, तोही फार पूर्वी. तो मोजायची, डोळ्यांना दिसेल अशी साधनं मात्र घरांनी, शाळांनी आणि एका बालगृहाने तयार केली. त्यांतली काही तर जेमतेम दोनशे वर्षांची आहेत.

सुरुवात उपासाने झाली. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूरचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला. सहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्याच माकोंच्या धर्मसभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दिवस नेमले. पुढे रोमच्या परंपरेत हा काळ चार रविवारांवर आला. मिलानमध्ये तो आजही सहा आठवड्यांचा आहे. चार रविवारांच्या हिशेबाने पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान. त्यामुळे आगमनकाळ कधी २८ दिवसांचा भरतो, कधी फक्त २२ दिवसांचा. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण घरातल्या पुष्कळ गोष्टी त्यावर अडतात.

मेणबत्त्यांच्या चक्राचा जन्म तर नेमका सांगता येतो. योहान हिनरिख विखर्न या प्रोटेस्टंट धर्मसेवकाने १८३३ मध्ये हाम्बुर्गजवळ ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. शहराच्या गरीब वस्त्यांतली, दुर्लक्षित मुलं तिथे राहत, शिकत, हातकाम करत. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुलं सारखी विचारत, असं सांगतात. १८३९ मध्ये विखर्नने एका जुन्या गाडीचं लाकडी चाक घेतलं, त्यावर वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगलं. रोज एक लाल, रविवारी एक पांढरी. वीस आणि चार हे आकडेही उगाच आलेले नाहीत. त्या वर्षी पहिला रविवार बरोबर १ डिसेंबरला होता, म्हणून २४ तारखेपर्यंत चार रविवार आणि वीस इतर दिवस भरले. एरवी लहान मेणबत्त्या १८ ते २४ यांच्यामध्ये कितीही लागू शकतात. चाकाला हिरव्या फांद्या लागल्या त्या १८६०च्या सुमारास, म्हणजे हिरवळ नंतरची आणि मोजणी आधीची.

एवढं मोठं चाक घरात मावत नाही. म्हणून घरांनी रोजच्या मेणबत्त्या सोडल्या आणि रविवारच्या चार ठेवल्या. याच आटोपशीर रूपात चक्र जर्मनीच्या प्रोटेस्टंट घरांतून पसरलं. कॅथलिक चर्चमध्ये ते पहिल्यांदा दिसल्याची नोंद १९२५ची, कोलोन शहरातली आहे. घरातून चर्चमध्ये, असा हा उलटा प्रवास. कॅथलिक वापरात मेणबत्त्यांना उपासनेचे रंग मिळाले: तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारसाठी एक गुलाबी, कारण तो रविवार आनंदाचा मानतात. जर्मन घरांत चारही बहुधा लाल असतात. मधोमध पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवून ती नाताळाला लावायची पद्धत इंग्रजी बोलणाऱ्या देशांत रुजली.

चक्र बांधायला पेंढ्याची २५ ते ३० सेंटीमीटर व्यासाची घट्ट चुंबळ घ्यावी. फांद्या १० ते १२ सेंटीमीटरच्या तुकड्यांत कापाव्यात. दोन-तीन तुकड्यांची जुडी चुंबळीवर धरून देठाशी बारीक तारेचे दोन वेढे घट्ट ओढायचे. पुढची जुडी आधीच्या देठांवर येईल अशी, कौलं शाकारल्यासारखी बसवत जायची. तार मध्ये तोडायची नाही. तळाला फांद्या लावू नयेत, नाहीतर चक्र टेबलावर डुगडुगतं आणि मेणबत्त्या कलतात. फांद्या स्प्रूस किंवा फर या सूचिपर्णी झाडांच्या घेतात. स्प्रूसच्या फांद्या स्वस्त असतात, पण उबदार खोलीत त्यांची पानं आठ-दहा दिवसांत गळायला लागतात. फरची पानं बराच काळ टिकतात. चार आठवडे काढायचे असतील तर फरच घ्यावी.

मेणबत्त्यांचं गणितही आधी करावं. रोज संध्याकाळी अर्धा तास प्रार्थनेला लावायच्या म्हटल्या, तर २८ दिवसांच्या आगमनकाळात पहिली १४ तास जळते, दुसरी साडेदहा, तिसरी सात आणि चौथी साडेतीन. आगमनकाळ २२ दिवसांचा असेल, तर चौथा रविवार म्हणजे २४ डिसेंबरच, आणि चौथी मेणबत्ती एकाच संध्याकाळी लागते. म्हणून सगळ्या सारख्याच पण जाड घ्याव्यात आणि त्यांची उतरती उंची तशीच राहू द्यावी. त्या पायऱ्यांवरूनच लहान मुलाला कळतं की किती आठवडे सरले. ज्योत फांद्यांपासून पाच सेंटीमीटरच्या आत आली की मेणबत्ती बदलावी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फांद्या आतून पार सुकलेल्या असतात आणि ठिणगी पडताच भडकतात. घरात चक्र पेटतं ते बहुतेक याच कारणाने. एक दिवसाआड पाणी शिंपडल्याने सुकणं लांबतं, थांबत नाही. खोलीतून उठताना ज्योत विझवायची, याला पर्याय नाही.

मोजणीची दुसरी साधनं थोडक्यात सांगता येतील. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतली प्रोटेस्टंट कुटुंबं दारावर खडूने २४ रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. गेरहार्ट लांग लहान असताना त्याच्या आईने पुठ्ठ्यावर २४ बिस्किटं लावून दिली होती. मोठेपणी म्युनिकच्या आपल्या छापखान्यातून त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील आगमन-दिनदर्शिका काढल्या. उघडणारी दारं त्यांत नंतर आली. आगमनकाळात दिवा लावून टांगायच्या कागदी ताऱ्याचं मूळ मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या निवासी शाळांत आहे. धर्मप्रसारासाठी दूरदेशी गेलेल्या आईवडिलांची मुलं जर्मनीतल्या निस्की आणि हेर्नहूट इथल्या शाळांत राहत, आणि तारा करणं हा त्यांच्या भूमितीचा भाग होता. त्याच्या सांगाड्याला १८ चौकोनी आणि ८ त्रिकोणी बाजू असतात. एक चौकोन दिवा आत सोडायला रिकामा ठेवतात, म्हणून टोकं २६ नव्हे, २५ होतात. घरी करताना चूक होते ती चिकटवण्याच्या पट्ट्यांत: पट्टी एक सेंटीमीटरपेक्षा अरुंद ठेवली की दिव्याच्या उबेने सुटते.

स्वयंपाकघरात मात्र चर्चचा नियम थेट पातेल्यापर्यंत पोचला होता. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेनच्या श्टोलनचा सर्वांत जुना उल्लेख १४७४चा, तिथल्या संत बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या हिशेबातला. तेव्हा तो उपासाचा पदार्थ होता. दूध-लोणी वर्ज्य असल्याने मैदा, यीस्ट, पाणी आणि तेल एवढ्यावरच भागवावं लागे, आणि सॅक्सनीत मिळणारं तेल चवीला उग्र. लोण्याची परवानगी मागणारे अर्ज सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांकडून रोमला गेले. अखेर १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी ती दिली. हेच ‘लोण्याचं पत्र’. सवलतीच्या बदल्यात दानाची रक्कम भरावी लागे. फ्रान्समध्ये रुआंच्या कॅथेड्रलचा एक मनोरा अशाच पैशांतून उभा राहिला आणि त्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. आज श्टोलनमध्ये लोणी मुबलक असतं ते उपास संपला म्हणून. लांबट आकार आणि वरची पांढरी साखर पाहून त्यात बाळंत्यात गुंडाळलेला बाळ येशू पाहण्याची रीत आहे.

ड्रेस्डेनच्या बेकरांचं प्रमाण मैद्याच्या वजनावर बांधलेलं आहे: शंभर भाग मैद्याला किमान पन्नास भाग लोणी, पासष्ट भाग बेदाणे, वीस भाग साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल आणि पंधरा भाग बदाम. घरी ५०० ग्रॅम मैद्याला हे २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ३२५ ग्रॅम बेदाणे, १०० ग्रॅम साल आणि ७५ ग्रॅम बदाम होतात. शिवाय ७५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १२५ मिलिलिटर कोमट दूध आणि ४० ग्रॅम ताजं यीस्ट, किंवा सुकं असेल तर १४ ग्रॅम. यीस्ट एवढं का, तर लोणी आणि साखर दोन्ही त्याला मंद करतात. म्हणूनच सगळं एकदम मिसळायचं नाही. आधी दूध, यीस्ट आणि १५० ग्रॅम मैदा कालवून अर्धा तास फुगू द्यायचं, मग उरलेला मैदा, साखर, मीठ आणि मऊ लोणी घालून मळायचं. लोणी वितळवून घातलं तर पीठ तेलकट होतं आणि तव्यावरच्या धिरड्यासारखं पसरतं. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवून, निथळून, पीठ तासभर फुगल्यावर शेवटी मिसळावेत. कोरडेच घातले तर ते पिठातलं पाणी ओढतात आणि श्टोलन भुसभुशीत होतो.

या मापात दोन नग होतात. लंबगोल लाटून एक बाजू दुसरीवर दुमडायची, वर डोकावणारे बेदाणे काढून टाकायचे (ते जळून कडू होतात), अर्धा तास थांबून १७५ अंश सेल्सिअसवर ४५ ते ५० मिनिटं भाजायचं. गरम असतानाच वितळलेलं लोणी सढळ हाताने लावून साखर आणि मग पिठीसाखर पेरायची. लोणी-साखरेचा हा थर आतली ओल धरून ठेवतो. पूर्ण गार झाल्यावर कागदात गुंडाळून थंड, कोरड्या जागी दोन ते तीन आठवडे ठेवावा. तेवढ्या वेळात फळांचा ओलावा पिठात उतरतो. कोमट असतानाच गुंडाळला की आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी येते. पहिल्या रविवारी कापायचा तर नोव्हेंबरच्या मध्यालाच भाजायला हवा.

बागेतून आलेल्या दोन प्रथा मला या सगळ्यांत सर्वांत अर्थपूर्ण वाटतात. पहिली चेरीच्या फांदीची. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस. आख्यायिका अशी, की तुरुंगात नेताना तिच्या वस्त्रात एक फांदी अडकली, तिने ती पेल्यातलं पाणी पाजून जगवली आणि तिच्या मृत्यूच्या दिवशी फांदी फुलली. जर्मन भाषक प्रदेशांत त्या दिवशी चेरीच्या फांद्या कापून पाण्यात ठेवतात, त्या वीस दिवसांनी, २४ तारखेला फुलाव्यात म्हणून. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या वडिलांच्या, बुंध्याला धुमारा फुटेल, हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन (११:१) त्याच्या जोडीला वाचलं जातं. १९६९ मध्ये रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सणांच्या यादीतून, बार्बराचा सण वगळला गेला, तरी घरांनी फांदी सोडली नाही.

फांदी फुलते ती थंडी भोगल्यामुळे. चेरीच्या कळ्या शरद ऋतूत गाढ झोपेत जातात आणि पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय कितीही ऊब दिली तरी उठत नाहीत. हिवाळा उशिरा आला असेल तर कापलेली फांदी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. नंतर ती काही तास कोमट पाण्यात बुडवून, देठ तिरका कापून फुलदाणीत लावायची. निवडताना टपोऱ्या, गोल कळ्या पाहाव्यात. निमुळत्या कळ्यांतून नुसती पानं येतात. पहिले काही दिवस थंड खोलीत ठेवावी, पाणी तीन-चार दिवसांनी बदलावं. हीटरजवळच्या कोरड्या हवेत कळ्या फुगतात आणि न उमलता गळतात, म्हणून अधूनमधून पाण्याचा फवारा द्यावा.

दुसरी प्रथा गव्हाची. क्रोएशिया आणि हंगेरीत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, बशीत गहू पेरतात. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये तेच बार्बराच्या दिवशी, तीन बशांत, त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने करतात. गहू रात्रभर भिजवावा, सकाळी निथळून ओल्या कापसावर किंवा मातीच्या पातळ थरावर दाण्याला दाणा लागेल असा एकच थर पसरावा. थरावर थर झाला की खालचे दाणे कुजतात. दोन दिवस झाकून ठेवावा, मोड दिसले की उजेडात आणावा. पाणी शिंपडायचंच, ओतायचं नाही; बशीत पाणी साचलं की तिसऱ्या दिवशी आंबूस वास आणि पांढरी बुरशी. साधारण अकरा दिवसांत रोपं वीतभर होतात. मग कात्रीने वरून सारखी करून, लाल फितीने बांधून, मध्ये मेणबत्ती ठेवतात आणि बशी येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्याशेजारी मांडतात. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य (१२:२४) त्या वेळी वाचायला सोपं जातं, कारण दाणा मुलांनी स्वतः पेरलेला असतो.