नॉन-इंटरॅक्टिव्ह बिल्ड

सोर्स कोडपासून वापरण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करण्याची प्रक्रिया, म्हणजेच बिल्ड, कीबोर्डवरून एकही उत्तर न मागता आरंभापासून अखेरपर्यंत पार पडावी अशा रीतीने रचली असेल, तर तिला नॉन-इंटरॅक्टिव्ह बिल्ड म्हणतात. रात्री आपोआप चालणारे बिल्ड, लिनक्स डिस्ट्रिब्युशनांची पॅकेजे बनवणारे सर्व्हर, कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेला साचा) आणि कंटिन्युअस इंटिग्रेशन (कोडमधील प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासण्याची पद्धत) यांना ही पद्धत अनिवार्य आहे, कारण तेथे प्रश्न पडद्यावर आला तरी उत्तर द्यायला समोर कोणी बसलेले नसते. प्रश्न गप्प करणे हा मात्र या पद्धतीचा वरवरचा भाग होय. उत्तरे आधी ठरवून ती कोडसोबत फाइलमध्ये नोंदवून ठेवणे हे तिचे मुख्य काम आहे.

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेले ‘मेक’ हे साधन स्वतः काही विचारत नाही. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये वाचून, जे जुने झाले तेवढेच ते पुन्हा कंपाइल करते, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणते. प्रश्न उद्भवतात ते त्याआधीच्या टप्प्यात: मशीनवर कोणता कंपायलर आहे, अमुक लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) कुठे ठेवली आहे, तयार प्रोग्रॅम कोणत्या डिरेक्टरीत टाकायचा. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेची ‘कन्फिगर’ स्क्रिप्ट असे प्रश्न एकामागून एक विचारते आणि प्रत्येकापुढे स्वतः शोधलेले संभाव्य उत्तर कंसात दाखवते. तिला ‘डी’, ‘ई’ आणि ‘एस’ हे तीन पर्याय एकत्र दिले की ती मुकाट चालते. ‘डी’मुळे सर्व डिफॉल्ट, म्हणजे कंसात दाखवलेली, उत्तरे स्वीकारली जातात आणि ‘एस’मुळे बडबड थांबते. ‘ई’ नसेल, तर उत्तरांची फाइल तयार झाल्यावर तीत काही बदल करायचा आहे का, यासाठी स्क्रिप्ट अखेरीस पुन्हा एकदा थांबते. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फने वेगळी वाट धरली. त्यातून निर्माण होणारी स्क्रिप्ट माणसाला विचारण्याऐवजी छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून मशीनलाच विचारते, आणि जे मशीन सांगू शकत नाही ते कमांड देतानाच पर्यायांच्या रूपाने घेते.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हा प्रश्न वेगळ्याच आकाराचा होतो. ‘मेक कॉन्फिग’ ही कमांड कर्नलमधील हजारो पर्यायांपैकी लागू असलेला प्रत्येक पर्याय ओळीने विचारते. ती शेवटापर्यंत नेण्याइतका संयम फारच थोड्यांकडे असतो. म्हणून आधीच्या कर्नलची कॉन्फिग फाइल आणून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवतात, म्हणजे फक्त नव्याने आलेल्या पर्यायांबद्दल विचारणा होते. तीही नको असल्यास ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ नव्या पर्यायांची डिफॉल्ट किंमत निमूटपणे घेते. ही सोय नव्हती तेव्हा एकच ओळ सतत छापत राहणाऱ्या ‘येस’ या कमांडला रिकामी ओळ देऊन तिचा आउटपुट पाइपने, म्हणजे थेट इनपुट म्हणून, ओल्डकॉन्फिगला जोडण्याची युक्ती रूढ होती, म्हणजे जणू कोणी सतत एंटर दाबत आहे. तेथे रिकामी ओळ दाखवणारी अवतरणचिन्हे विसरली, तर ‘येस’ आपला नेहमीचा ‘वाय’ (होय) छापते, प्रत्येक नव्या प्रश्नाला ‘वाय’ असे उत्तर जाते आणि नको असलेले ड्रायव्हरही कर्नलमध्ये शिरतात. प्रश्न न पाहताच उत्तर देणारी ही युक्ती घाईत उपयोगी पडते, पण कायमच्या स्क्रिप्टमध्ये ती ठेवू नये. डॉन लिब्स यांचे ‘एक्स्पेक्ट’ हे साधन त्याहून काटेकोर आहे: पडद्यावर ठरावीक मजकूर दिसला तरच ते ठरावीक उत्तर टाइप करते. अर्थात पुढच्या आवृत्तीत प्रश्नाची शब्दरचना बदलली की तेही अडते.

डेबियन आणि उबंटूवर आधारित कंटेनर इमेज बांधताना नेहमी भेटणारा अडथळा ‘टीझेडडेटा’ या टाइम झोनची माहिती ठेवणाऱ्या पॅकेजचा आहे. बिल्डला लागणारी एखादी लायब्ररी त्याला सोबत ओढून आणते, आणि मग आपण कोणत्या भूप्रदेशात राहता, असे विचारून बिल्ड थांबतो. पॅकेजे बसवणाऱ्या ‘एपीटी-गेट’ कमांडला ‘वाय’ पर्याय दिलेला असूनही असे होते, कारण तो पर्याय एपीटीच्या स्वतःच्या प्रश्नापुरता असतो. हा प्रश्न डेबकॉन्फ या, पॅकेजांच्या मांडणीविषयी विचारणाऱ्या, निराळ्या यंत्रणेकडून येतो. ‘डेबियन_फ्रंटएंड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ ठेवली की डेबकॉन्फ गप्प बसते, पण मग वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहते. भारतीय वेळ हवी असल्यास ‘एशिया/कोलकाता’ हे उत्तर आधीच भरून ठेवावे लागते. हे ‘डेबियन_फ्रंटएंड’ व्हेरिएबल डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘एन्व्ह’ या सूचनेने कायमचे लिहिल्यास ते तयार इमेजमध्येही उरते आणि पुढे ती वापरणाऱ्यालाही प्रश्न दिसत नाहीत, म्हणून ते ‘आर्ग’ या सूचनेने बिल्डपुरते देणे योग्य. बदललेल्या कॉन्फिग फाइलींविषयी ‘डीपीकेजी’ हे एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारे साधन जे विचारते त्यावर याचा परिणाम होत नाही. त्यासाठी जुनी फाइल राखण्याचा पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

प्रोग्रॅमचा इनपुट ‘डेव्ह/नल’ या कायम रिकाम्या फाइलकडे वळवणे हा उपाय पुष्कळ ठिकाणी पुरतो: वाचायला गेलेल्या प्रोग्रॅमला लगेच फाइल संपल्याची खूण मिळते. परंतु दूरच्या सर्व्हरशी जोडणारे एसएसएच पासवर्ड किंवा अनोळखी सर्व्हरची खात्री थेट टर्मिनलकडे मागते, म्हणून तेथे ‘बॅचमोड’ चालू करावा लागतो, तर कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसाठी ‘गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट’ची किंमत शून्य ठेवतात. या दोन्ही सोयी उत्तर देत नाहीत, त्या बिल्ड तत्काळ फेल करतात, आणि ते इष्टच आहे. अर्ध्यावर लटकलेला बिल्ड सर्व्हर अडवून धरतो आणि त्याच्या लॉगमध्ये बहुधा काहीच कळत नाही. फेल झालेला बिल्ड निदान कोणते उत्तर नोंदवायचे राहिले ते दाखवतो.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधण्याच्या तिच्या संग्रहात, याच विचाराने ‘बॅच’ हे व्हेरिएबल आहे. ते लावले की पर्यायांची खिडकी उघडत नाही, आणि ज्या पोर्टच्या मेकफाइलमध्ये ‘इज_इंटरॅक्टिव्ह’ असे लिहिलेले आहे ते पोर्ट बिल्डमधून वगळले जाते. माणसाच्या उत्तराविना न चालणारी गोष्ट रेटून नेण्यापेक्षा बाजूला ठेवणे हे धोरण परवान्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते. अँड्रॉइड एसडीके या ॲप बनवण्याच्या साधनसंचाचे परवाने ‘येस’च्या पाइपने स्वीकारण्याची रीत सर्रास आढळते, तेव्हा अटी कोणीही वाचलेल्या नसतात. जेंटू या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये कोणते परवाने मान्य आहेत ते ‘ॲक्सेप्ट_लायसन्स’ या व्हेरिएबलमध्ये प्रशासकाने आधी नावानिशी किंवा गटागटाने लिहावे लागते, आणि त्या यादीत न बसणारे पॅकेज बिल्डसाठी निवडलेच जात नाही.