रोबोटिक सर्जरी

रोबोटिक सर्जरी म्हणजे सर्जन पेशंटपासून थोडा लांब एका कन्सोलवर बसून यंत्राच्या हातांनी जे ऑपरेशन करतो ते. छापताना कधीकधी 'यंत्रमानवी शस्त्रक्रिया' असंही लिहितात पण त्या शब्दाने घोळच जास्त होतो, कारण ह्यात माणसासारखं दिसणारं काही नसतं आणि पोटाच्या ऑपरेशनांसाठी हॉस्पिटलात सध्या जी यंत्रं वापरतात ती स्वतःच्या मनाने एक टाकासुद्धा घालत नाहीत. सर्जनने हात हलवला की हलतात, थांबवला की थांबतात, बस. आदल्या दिवशी वॉर्डात घरचे हमखास विचारतात, "मग डॉक्टर, तुम्ही असणार ना तिथे?" तर हो, असतात, आणि कापणं शिवणं सगळं तेच करतात. म्हणून 'रोबोच्या मदतीने केलेली सर्जरी' हे लांबलचक नावच खरं बरोबर आहे, पण एवढं कोण बोलतंय.

सेटअप तीन भागांचा असतो: सर्जनचा कन्सोल, पेशंटच्या टेबलाशी उभं राहणारं चार हातांचं गाडं, आणि कॅमेऱ्याचा टॉवर. पेशंटला पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, ८ मिलिमीटरची भोकं पाडून त्यात नळ्या बसवतात आणि मग प्लॅस्टिकची कव्हरं चढवलेले ते हात एकेक करून नळ्यांना अडकवतात, ह्याला डॉकिंग म्हणतात. प्रोस्टेट किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन असेल तर डोकं खाली पाय वर असं टेबल चांगलंच तिरकं करतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोटात जागा मोकळी होते. एकदा डॉकिंग झालं की बहुतेक मशीनवर टेबल हलवता येत नाही, कारण नळ्या पोटात आणि हात नळ्यांत, त्यामुळे पेशंट सरकणार नाही ना हे आधीच दहादा बघावं लागतं आणि ह्यात भूलतज्ज्ञाचं टेन्शन सर्जनपेक्षा कमी नसतं. सर्जन मात्र निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्हज न घालता कोपऱ्यात बसलेला, खाली कॅमेऱ्याचे आणि जाळायच्या करंटचे पेडल असतात, ते तळपायाला कळावेत म्हणून बरेचजण चपला काढूनच बसतात. डोकं चौकटीत घातलं की डोळ्यापुढे १० पटीपर्यंत मोठं थ्रीडी चित्र येतं, आणि डोकं बाहेर काढलं की सेन्सरला कळतं आणि हात जागच्या जागी लॉक होतात. पेशंटजवळ हात धुऊन उभा असतो दुसरा सर्जन, अवजारं बदलणं, रक्त ओढून घेणं, सुई आत देणं बाहेर घेणं ही सगळी कामं त्याची, आणि काही बिघडलं तर हात सोडवून पोट उघडायची तयारीही त्यालाच ठेवावी लागते. फोटोत तो सहसा नसतो.

आता दुर्बिणीचं ऑपरेशन आधीपासून होतंच की, मग हे कशाला? दुर्बिणीची अवजारं म्हणजे लांब सरळ काड्या, त्यांना मनगट नाही, आणि पोटाच्या भोकात त्या तरफेसारख्या फिरतात म्हणजे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. पित्ताशय काढायला हे चालतं, पण प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला गोल शिवायचं असतं ते हाडांच्या अरुंद खोबणीत, तिथे सरळ काडीने सुई फिरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. रोबोच्या अवजाराला टोकाशी छोटं मनगट असतं, हाताची थरथर गाळली जाते, आणि सेटिंग केलं तर सर्जनचा हात ३ सेंटिमीटर हलला की टोक १ सेंटिमीटरच हलतं. म्हणून प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हे तंत्र सगळ्यात आधी रुजलं, मग किडनीचा गाठीपुरता भाग काढणं, गर्भाशय, गुदाशय असं पसरत गेलं. एक मोठी उणीव अशी की जुन्या मशीनमध्ये हाताला काही जाणवतच नाही, दोरा किती ताणला गेलाय हे नजरेनेच ओळखायचं, नवीन माणसाकडून दोरा पटकन तुटतो. २०२४ मध्ये आलेल्या दा विंची ५ ह्या मशीनमध्ये हा दाब थोडाफार हाताला कळवायची सोय केलीये.

सुरुवात १९८५ ची, प्यूमा नावाचा कारखान्यातला यांत्रिक हात मेंदूच्या बायोप्सीत सुईची दिशा धरायला वापरला होता. पुढे अमेरिकन लष्कराच्या पैशातून संशोधन झालं, कल्पना अशी की जखमी सैनिक आघाडीवर आणि सर्जन मागे सुरक्षित जागी. युद्धात ते काही फारसं आलं नाही पण त्याच कामातून इंट्युइटिव्ह ही कंपनी निघाली (१९९५) आणि तिच्या दा विंचीला २००० मध्ये अमेरिकेची मंजुरी मिळाली. लांबून ऑपरेशनचा प्रयोग दुसऱ्याच मशीनवर झाला, त्याचं नाव झ्यूस. ७ सप्टेंबर २००१ ला झाक मारेस्को ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या बाईचं पित्ताशय काढलं, मध्ये अख्खा अटलांटिक. केवढी मोठी बातमी होती, पण चारच दिवसांनी त्याच न्यूयॉर्कमध्ये हल्ला झाला आणि बातमी कुठल्या कुठे गेली. झ्यूसची कंपनी २००३ मध्ये इंट्युइटिव्हमध्येच विलीन झाली आणि मग बरीच वर्षं बाजार जवळपास एकाच कंपनीचा राहिला.

जुनी पेटंटं संपायला लागली तशी स्पर्धा आली आणि ह्यात पुण्याचा नंबर अगदी वरचा आहे, कारण इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या व्हर्सियस ह्या मशीनची माणसांवरची पहिली ट्रायल २०१९ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर हॉस्पिटलमध्ये झाली. ह्या मशीनचा प्रत्येक हात वेगळ्या छोट्या गाड्यावर असतो त्यामुळे आपल्याकडच्या लहान ऑपरेशन थिएटरमध्येही मावतो. भारतात बनलेलं मशीन म्हणजे डॉ. सुधीर श्रीवास्तव ह्यांच्या कंपनीचं एसएसआय मंत्रा, त्यावर जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्रामहून २८६ किलोमीटरवरच्या जयपूरच्या पेशंटचं हृदयाचं ऑपरेशन झालं.

गुडघ्याचा रोबो हा वेगळाच प्रकार आहे, हायवेच्या होर्डिंगवर असतो तो. तिथे कन्सोल वगैरे काही नाही, सर्जन टेबलाशीच उभा असतो. माको नावाच्या मशीनमध्ये आधी सीटी स्कॅन काढून हाड किती आणि कुठल्या कोनात कापायचं ते ठरवतात, मग करवत सर्जनच धरतो पण आखलेल्या हद्दीबाहेर न्यायला गेलं की यंत्र अडवतं. दोन्हीला रोबोटिकच म्हणतात म्हणून एकाचे फायदे दुसऱ्याला चिकटवले जातात.

फायद्यांचं म्हणाल तर पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा रक्त कमी जातं, जखम लहान, घरी लवकर, ह्यात वाद नाही, पण ह्यातलं बरंचसं साध्या दुर्बिणीनेही मिळतं हे जाहिरातीत लिहीत नाहीत. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या तुलनेत प्रोस्टेट रोबोने काढा की उघडून, १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जवळपास सारखीच निघाली. गुदाशयाच्या कॅन्सरवर ४७१ पेशंटचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात ऑपरेशन अर्ध्यात सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोने दुर्बिणीपेक्षा ठामपणे कमी झालं असं काही दिसलं नाही. आणि २०१८ मध्ये तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उलटंच निघालं, दुर्बीण किंवा रोबोने ऑपरेशन झालेल्या बायकांमध्ये कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त, त्यानंतर फेब्रुवारी २०१९ ला औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने सावध करणारी सूचना काढली. म्हणजे कुठल्या अवयवाचं आणि कशासाठी ऑपरेशन आहे त्यावर सगळं आहे. मशीन कुठलं ह्यापेक्षा त्यावर बसणाऱ्याने हेच ऑपरेशन किती वेळा केलंय हे विचारणं जास्त कामाचं, आणि चांगला सर्जन त्याचा राग मानत नाही.

खर्च वाढतो तो नुसता कोटींच्या मशीनमुळे नाही. अवजारांमध्ये चिप असते, ती वापर मोजते, ठरलेला आकडा (पूर्वी बऱ्याच अवजारांना १० ऑपरेशनं) संपला की अवजार दिसायला धडधाकट असलं तरी मशीन ते घेत नाही, वर वार्षिक देखभाल आणि कव्हरं. हे सगळं बिलात वाटलं जातं. मेडिक्लेममध्ये ऑक्टोबर २०२० पासून इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने रोबोटिक आहे एवढ्याच कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण पॉलिसीत त्यासाठी वेगळी मर्यादा घालायला मुभा आहे, तेव्हा १० लाखांचं कव्हर असूनही रोबोटिकच्या ओळीपुढे त्यातला काही टक्केच आकडा असू शकतो, आणि तो बऱ्याचजणांना डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळतो.