ऑडिओमेट्रीची तारीख इतकी लांबची का मिळते?

(रुग्णालयांचे विश्वस्त, अधीक्षक आणि कान-नाक-घसा विभागप्रमुख यांच्यासाठी)

ओपीडीत डॉक्टर पेशंटचा कान बघतात, केसपेपरवर ‘पीटीए’ (ऑडिओमेट्री, म्हणजे कानाला किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी) लिहून देतात आणि तिथून पुढे गाडी अडते. मध्यम आकाराच्या रुग्णालयात ही तपासणी करणारा ऑडिओलॉजिस्ट बहुधा एकच. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला, की साउंडप्रूफ खोलीला कुलूप. हजर असला तरी दुपारी ओपीडी संपते आणि ती खोली, ते महागडं ऑडिओमीटर, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पडून राहतं. अडलंय ते माणसावाचून, यंत्रावाचून नाही. तो माणूस आम्ही पाठवतो.

आमचे ऑडिओलॉजिस्ट तुमच्याच खोलीत, तुमच्याच यंत्रावर, ओपीडीनंतर किंवा रविवारी प्रौढ पेशंटच्या तपासण्या करतात. केसपेपर तुमचा, रिपोर्टची नोंद तुमच्याच रजिस्टरला. पेशंटला दुसरीकडे कुठे जावं लागत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, ही पद्धत रुळलेली आहे. तिथे श्रवणचाचणी 6 आठवड्यांच्या आत व्हावी असं उद्दिष्ट असतं, आणि ते गाठायला कित्येक रुग्णालयं संध्याकाळी व शनिवार-रविवारी बाहेरची पथकं बोलावतात.

आधी यादी, मग तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी आम्ही प्रतीक्षायादी तपासतो. कुणी तोवर खासगीत तपासून घेतलेलं असतं, कुणी गाव बदललेलं असतं, एकाच पेशंटचं नाव दोनदा असतं. इथे एक गंमत आहे: यादीतल्या माणसाला ऐकू येत नाही म्हणूनच तो यादीत आहे, आणि आपण त्याला फोन करतो! म्हणून मुलाचा, सुनेचा किंवा शेजाऱ्याचा नंबर घ्यावा आणि तारीख मराठीतून मेसेजवर पाठवावी. तुमच्या नोंदणी खिडकीवर हा दुसरा नंबर आजपासूनच लिहून घ्यायला लागा. त्यासाठी आमची गरज नाही.

यादी चाळताना काही नावं रांगेतून बाहेर काढावी लागतात. अचानक, एक-दोन दिवसांत एका कानाचं ऐकू येणं गेलं असेल, तर त्या पेशंटला पुढची तारीख देणं चूकच. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. औषधोपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त, पुढे तो झपाट्याने कमी होतो. एकाच कानात सतत आवाज, चक्कर, कानातून पू, हेही आधी घ्यायचे.

एका सत्रात किती पेशंट?

चार तासांत सात-आठ. आकडा लहान वाटतो, पण तो खरा आहे. दोन्ही कान, आधी हेडफोनमधून म्हणजे हवेतून 250 ते 8000 हर्ट्झचे आवाज, मग कानामागच्या हाडातून. दोन कानांत फरक निघाला तर चांगल्या कानात मास्किंगचा, म्हणजे त्या कानाला गुंतवून ठेवणारा, आवाज सोडून पुन्हा. त्यात सत्तरीचे आजोबा आवाज नसतानाही “आला, आला” म्हणत बटण दाबतात. मग थांबून समजवायचं आणि पुन्हा सुरुवात. तेवढ्याच वेळात वीस-पंचवीस पेशंट ‘उरकून’ देतो म्हणणारा माणूस फक्त चाळणी-तपासणी (ढोबळ स्क्रीनिंग) करतोय, हे ओळखा. म्हणूनच आम्ही पैसे दर पेशंटमागे नव्हे, सत्रामागे घेतो.

प्रत्येक ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी तुम्हाला आधी दाखवली जाते आणि प्रत्येक रिपोर्टवर सहीखाली तो क्रमांक असतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र आम्ही देत नाही. तो अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचा.

श्रवणयंत्राचं काय?

तपासण्या भराभर झाल्या की रांग संपत नाही, ती पुढच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहते. ऑडिओग्राम (तपासणीचा आलेख) हातात आलेला पेशंट डॉक्टरांच्या फेरतपासणीसाठी आणि मग यंत्र बसवून घ्यायला थांबतो. त्यामुळे दर तीन-चार तपासणी-सत्रांमागे एक सत्र यंत्र बसवणे आणि सेटिंग करणे यासाठी ठेवा, असा आमचा आग्रह असतो. नाहीतर पैसे खर्चून नुसत्या फाइली जाड होतात.

आम्ही श्रवणयंत्रं विकत नाही, कुठल्या कंपनीकडून कमिशनही घेत नाही. तपासणाऱ्यानेच विकायचं ठरवलं, की सौम्य बहिरेपणालाही यंत्र लागायला लागतं. पैशाची अडचण असलेल्यांना सरकारी योजना सांगतो: दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप, आणि महाराष्ट्रात 65 वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना, जिच्यात पात्र व्यक्तीच्या बँक खात्यात 3000 रुपये जमा होतात. तेवढ्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

तुमच्याकडून काय हवं?

ऑडिओमीटरचं वर्षभरातलं कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजतं याची पडताळणी) प्रमाणपत्र. खोलीशेजारी जनरेटर किंवा कॉम्प्रेसर चालू नसावा. मळ आधीच काढलेला असावा, कारण कान मळाने गच्च भरलेला पेशंट आला तर त्याची वेळ वाया जाते. रविवारी केसपेपर काढून द्यायला एक कर्मचारी आणि गरज पडली तर फोनवर मिळतील असे तुमचे डॉक्टर. एवढं असेल तर आधी चार सत्रं घेऊन पाहा. वर्षाच्या कराराचं नंतर बोलू.