कामगार संघटनांतील स्त्री-नेतृत्व (मुंबई)

कामगार संघटनांच्या सभासदत्वात, कार्यकारिणीत आणि मालकांशी होणाऱ्या वाटाघाटींत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे स्थान मिळावे, या प्रयत्नांना मुंबईत सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. मोर्चाच्या अग्रभागी स्त्रिया आणि वाटाघाटींच्या टेबलाशी पुरुष, ही विभागणी मात्र या इतिहासात वारंवार आढळते.

१९२० च्या दशकात येथील कापडगिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत काम करीत. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीच्या हाती भरतीची बरीचशी सूत्रे असल्यामुळे तिचा रोष पत्करून युनियनमध्ये येणे सोपे नव्हते. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी या स्त्रियांना संघटित केले, तर मणिबेन कारा पुढे हिंद मजदूर सभा या कामगार संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या संस्थापकांपैकी एक झाल्या. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. यानंतर गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली. लाभाचा खर्च मालकांवर पडणे, स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांचे सुसूत्रीकरण (कमी कामगारांकडून अधिक यंत्रे चालवून घेणे) ही त्याची कारणे सांगितली जातात. पण पुरुषांच्या नोकऱ्यांसाठी ज्या हिरिरीने संप झाले, ती हिरीर संघटनांनी स्त्रियांच्या नोकऱ्यांसाठी दाखवली नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

याच्या उलट उदाहरण औषधनिर्मिती उद्योगातील आहे. एका कंपनीत वेष्टन विभागातील स्त्रीने लग्न केल्यास तिची नोकरी आपोआप संपे. विवाहित स्त्रियांच्या गैरहजेरीमुळे गटाने चालणाऱ्या कामात खोळंबा होतो, असा कंपनीचा दावा होता. बॉम्बे लेबर युनियनने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्ये न्यायालयाने ही अट रद्द ठरवली. प्रश्न केवळ स्त्रियांचा असूनही तो सबंध युनियनची मागणी म्हणून लढवला गेला, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना मात्र कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हते; प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्यात पदाधिकाऱ्यांमध्ये स्त्रियांचे किमान प्रमाण ठरवलेले नव्हते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने आस्थापनेच्या अंतर्गत समितीचे अध्यक्षपद स्त्रीकडे देऊन निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या, तर २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तक्रार निवारण समितीत कामगारसंख्येच्या प्रमाणात स्त्रिया असण्याची तरतूद केली. या समित्या आस्थापनांच्या आहेत. युनियनच्या कार्यकारिणीला त्या लागू होत नाहीत. अंगणवाडी सेविका, आशा आणि घरकामगार यांच्या संघटनांत बहुतांश सभासद स्त्रियाच असल्या, तरी पाळी संपल्यावर उशिरा भरणाऱ्या बैठकांना घर आणि लोकलची वेळ सांभाळणारी स्त्री थांबू शकत नाही. म्हणूनच बैठका कामाच्या वेळेत घ्याव्यात आणि तेथे पाळणाघराची सोय असावी, या मागण्याही नेतृत्वाच्याच प्रश्नाचा भाग ठरतात.