डंप लोड आणि जादा विजेवरची मोटर

बॅटरी भरली, ऊन अजून आहे, वारंही आहे. मग उरलेल्या विजेचं करायचं काय? गावातल्या घराच्या छतावर ऑन-ग्रिड सोलर असेल तर जादा युनिट महावितरणच्या लाइनीत जातात, विषय संपला. भूम-वाशीच्या माळावर लाइनीपासून लांब वस्ती असेल तर ती सोय नाही. समुद्रात बोटीवरच घर करून राहणाऱ्यांचंही हेच असतं: वर दोन-चार पॅनल, एका खांबावर छोटी पवनचक्की, खाली बॅटऱ्या आणि उरलेलं घ्यायला कुणी नाही. फरक एवढाच की त्यांच्या चहूबाजूंनी पाणी असतं.

अशा ठिकाणी दोन गोष्टी बसवतात आणि त्या सर्रास एक समजल्या जातात. एक डंप लोड, म्हणजे जादा वीज जिरवणारा रेझिस्टर. दुसरी म्हणजे बॅटरी भरल्यावर आपोआप सुरू होणारं एखादं काम: पाण्याची मोटर, हीटर, कडबाकुट्टी. धरणाच्या भाषेत सांगायचं तर पहिला सांडवा आणि दुसरा कालवा. कालवा बंद राहिला तर नुकसान पिकाचं, सांडवा अडला तर धरणाचं.

सोलरला सांडवा लागत नाही. पॅनल उन्हात मोकळं सोडलं तरी त्याला काही होत नाही. बॅटरी भरली की चार्ज कंट्रोलर पॅनलकडून वीज घेणंच कमी करतो. म्हणूनच भर दुपारी बाराला कंट्रोलरवर ३० वॉट दिसतात आणि फोन येतो, "दादा, पॅनल गेलं वाटतं!" पॅनल ठणठणीत असतं. मिक्सर चालू करून बघायला सांगायचं, आकडा लगेच वर उडी मारतो. सोलरची जादा वीज अशी दिसतच नाही. मागितली तरच तयार होते.

पवनचक्कीचं तसं नाही. तिच्यावरचा भार एकदम काढला की पाती सुसाट सुटतात, व्होल्टेज चढतं आणि बेअरिंग, पाती, कंट्रोलर यांपैकी जे कच्चं असेल ते आधी जातं. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. आपल्याकडे जोराचा वारा जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका आभाळ भरून आल्यावर. म्हणून पवनचक्की बॅटरीला जोडलेलीच ठेवतात आणि बॅटरी भरत आली की कंट्रोलर जादा करंट रेझिस्टरकडे वळवतो. तिथं त्याची उष्णता होते. वाया जाते, हो. जाऊ द्यायची.

इथंच माणसाचा जीव तुटतो. एका वस्तीवर ऐकलेला सवाल: "भाऊ, तार नुसती तापवायची कशाला? त्याच वायरीवर विहिरीची मोटर टाकू की." सवाल चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. टाकी भरली की फ्लोट स्विच मोटर बंद करणार. विहिरीत पाणी नसलं तर तुम्हीच करणार. बॅटरीला नको असलेला करंट मग बॅटरीतच शिरतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या झाकणांतून बुडबुड ऐकू येते, झाकणाभोवती ओल दिसते, इन्व्हर्टर हाय व्होल्टेजची शिट्टी मारत बसतो. लिथियम असेल तर आणखी वाईट: तिचा बीएमएस, म्हणजे आतलं राखण करणारं सर्किट, तिला वाचवायला बॅटरी तोडून टाकतो आणि चक्की एका क्षणात मोकळी होते.

रेझिस्टरच्या जागी गिझरची कॉइल लावायचीही हौस असते. २४ व्होल्टच्या सिस्टीममध्ये भरत आलेली बॅटरी साधारण २८.८ व्होल्टवर असते. २३० व्होल्टची २००० वॉटची कॉइल त्यावर जेमतेम ३१ वॉट खाते. ५०० वॉटच्या चक्कीला थोडी मोकळीक ठेवून सव्वापट हिशेबाने ६२५ वॉट जिरवायचे तर रेझिस्टर सुमारे १.३ ओहमचा लागतो. कमी व्होल्टची कॉइल मिळाली, तरी पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट सर्किट तोडणार. मग सांडव्याला दुसरा रेझिस्टर हवाच. शिवाय घरच्या एसी करंटचा थर्मोस्टॅट बॅटरीच्या डीसी करंटवर लावला की उघडताना ठिणगी लवकर विझत नाही, पॉइंट काळे पडतात, कधी चिकटूनच बसतात.

कालव्याचं काम मात्र मनासारखं निवडा. सगळे आधी पाणी तापवण्याकडे वळतात. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.८ युनिट लागतं. तेवढ्यात १५ मीटर खोलीवरून सहा-सात हजार लिटर पाणी टाकीत चढतं, आणि तेही पंपाची कार्यक्षमता ३५ टक्केच धरून. मे महिन्यात मराठवाड्यात गरम पाणी कुणाला हवंय? टाकीत चढलेलं पाणी रात्री ठिबकला सोडता येतं. माझा कौल मोटरीलाच. ती सुरू होताना मात्र चालू करंटच्या काही पट ओढते, एवढं इन्व्हर्टर घेताना बघा.

पॅनल आणि चक्की दोन्ही असतील तर दोन्ही गोष्टी बसवा, आकडे वेगळे ठेवा. २४ व्होल्टच्या लेड-ॲसिडला मोटर २८.२ व्होल्टला सुरू, २६.४ ला बंद. डंप लोड २८.८ ला. म्हणजे आधी पाणी चढेल आणि मोटर घेऊ शकली नाही तेवढंच रेझिस्टरकडे जाईल. अधूनमधून एखादा दिवस मोटर बंद ठेवून बॅटरी पूर्ण भरू द्या. लिथियमला आकडे खाली आणावे लागतात, डंप लोड बीएमएस तोडण्याच्या बराच आधी लागला पाहिजे. रेझिस्टर लोखंडी जाळीत, भिंतीपासून सुटा, बॅटरीच्या खोलीबाहेर. कडब्याच्या गंजीजवळ तर अजिबात नको.